रिग्मोरचा अर्धा केक

रिग्मोर स्कोव कॉलेजात शिकायला गेलीच नाही, भांडायला गेली, असं स्कोरविग गावात आजही सांगतात. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिच्या शिव्या एकदा तरी खाल्लेल्या असतात. तेव्हा त्यांचं किती ऐकायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

बाई खाडीकाठची. बाप बंदरावर कोळसा उतरवायचा, आई शाळेच्या फरश्या पुसायची. सतराव्या वर्षी रिग्मोर डुकरांच्या कत्तलखान्यात फिरत्या पट्ट्याशी उभी राहिली, आणि पट्टा कायमचा थांबला तेव्हाच तिथून हलली. डुकराच्या पुढच्या पायाचं हाड मोकळं करायला तिला सुरीचे चार फटकारे लागत. मॅनेजरला गप्प करायला सुरीही लागत नसे. कामगारांनी तिला आपली प्रतिनिधी केली ती याच गुणावर. एकदा कंपनीने लघवीची सुट्टी कापली. रिग्मोरने काय करावं? मोर्चा नाही, घोषणा नाही. अख्खी पाळी घेऊन मॅनेजरच्या खोलीसमोर कॉफीचे थर्मास उघडून बसली. "आम्ही पितोय," म्हणाली, "पुढचं तू बघ." संध्याकाळच्या आत सुट्टी परत मिळाली.

पण जर्मनीत हात स्वस्त मिळतात म्हटल्यावर कंपनीला कुणाचे थर्मास अडवणार? काम सीमेपलीकडे गेलं, फाटकाला कुलूप लागलं. रोजगार कचेरीने रिग्मोरला 'स्वतःला बाजारात कसं मांडावं' अशा नावाच्या वर्गाला बसवलं. शिकवायला एक गुळगुळीत पोरगा. त्याने तिला विचारलं, "तुझ्यातले विकण्याजोगे गुण कोणते?"

"मी आयुष्यभर डुकरं सोलली," रिग्मोर म्हणाली. "त्यातल्या एकालासुद्धा हा प्रश्न विचारला नव्हता."

या उत्तराबद्दल कचेरीने तिला दोन वाटा दाखवल्या. एक, गोदामात बसून प्लास्टिकची फुलं रंगवार लावायची. दुसरी, एखादं शिक्षण घ्यायचं, भत्ता चालू राहील. गावच्या कॉलेजात मानवशास्त्र आणि पुरातत्त्व यांची तोंडओळख करून देणारा दोन सत्रांचा अभ्यासक्रम होता. माहितीपत्रकावर लिहिलं होतं: 'माणसं जे करतात ते का करतात?' रिग्मोरने ते वाचलं आणि म्हणाली, "हे तर मी फुकटात करत आलेय." झालं, नाव घातलं. अट एकच होती. पहिल्या सत्रात पास झाली तर दुसरं सत्र. नापास झाली तर प्लास्टिकची फुलं.

अभ्यासक्रम चालवणारा मास्तर तोर्किल ब्रो. उंच, वाकलेला, स्वेटरच्या कोपराला भोक, आणि लोहयुगाबद्दल बोलायला लागला की डोळ्यांत पाणी. आमच्याकडे अहो-जाहो फक्त राजघराण्याला, बाकी मास्तर असो की मंत्री, सगळ्यांना अरे-तुरे. पण रिग्मोरच्या 'अरे'ला एक वेगळी धार होती. पहिल्याच आठवड्यात तोर्किल शिकवायला उभा राहिला की नकळत दाराजवळ सरकू लागला.

सत्राचं मुख्य काम त्याने असं सांगितलं: "आपली नाही अशी एक टोळी निवडा. टोळी म्हणजे जंगलातलीच असं नाही. त्यांच्यात बसा, त्यांच्याबरोबर खा-प्या, त्यांच्या चालीरीती बघा. सत्राच्या शेवटी सगळ्या विभागासमोर मांडा. नियम एकच. पाहायचं, ढवळायचं नाही."

वर्गात बाकी सगळी विशीतली पोरं. एकाने स्केटबोर्डवाले निवडले, एकीने हिवाळ्यात बर्फाच्या पाण्यात डुंबणाऱ्या बायका. मग माल्टे नावाचा सोनेरी बुचड्याचा पोरगा उठला आणि म्हणाला, "मी बंद पडलेल्या कत्तलखान्याच्या कामगारांचा क्लब घेणार. लुप्त होत चाललेली जमात आहे."

रिग्मोर हळूच वळली. "कोण लुप्त होत चाललंय?"

"म्हणजे... तसं नाही... सांस्कृतिक अर्थाने."

"अरे बुचड्या, त्या क्लबात माझी खुर्ची आहे. तिच्यावर माझं नाव खिळ्याने कोरलंय. तू आमच्यात बसून आम्ही पाव कसा खातो ते लिहिणार?"

"तुझी हरकत असेल तर—"

"हरकत नाही. बैस. पण वेर्नरने दिलेली दारू नको म्हणू नकोस, नाहीतर लुप्त तू होशील." मग ती तोर्किलकडे वळली. "मलाही टोळी मिळाली. तुमची कॉफीची खोली."

तोर्किल हसला. चार पोरं हसली. रिग्मोर हसली नाही, म्हणून हसणं लवकर संपलं.

"आमचा अभ्यास?" तोर्किल म्हणाला. "आमच्यात बघण्यासारखं काय आहे?"

"प्रत्येक टोळी असंच म्हणते. तुझ्याच पुस्तकात आहे, तिसऱ्या धड्यात."

तोर्किल काय बोलणार! परवानगी दिली.

विभागाची कॉफीची खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीतून खाडी दिसते. लांब टेबल, थर्मास, भिंतीवर आफ्रिकेतला एक मुखवटा, आणि मुखवट्याच्या नाकावर कुणीतरी अडकवलेला चष्मा. रिग्मोर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसे, विणकाम काढून. विणणारी बाई दिसली की माणसं तिला फर्निचर समजतात, हे तिला पट्ट्याशी असल्यापासून ठाऊक. तीन दिवसांत मंडळी तिच्यासमोर एकमेकांच्या पुस्तकांबद्दल खरं बोलायला लागली.

तिने काय पाहिलं? तर शुक्रवारचा केक.

दंडाचा केक ही आमच्याकडची जुनी रीत. कामावर माती खाल्ली की सोबत्यांना खाऊ घालायचं. सुताराने फळी आखूड कापली, केक. नर्सने चुकीच्या म्हाताऱ्याला आंघोळ घातली, केक. कत्तलखान्यात केक नव्हता, बिअरचा क्रेट होता. रिग्मोरनेही उमेदवारीच्या दिवसांत स्वतःचाच एप्रन पट्ट्यात अडकवून एक क्रेट भरला होता. यात लाज नाही. केक आणला, चेष्टा झाली, खाल्ला, विषय संपला. उलट चूक करून केक न आणणाऱ्याकडे लोक महिनोन् महिने बघत राहतात.

कॉलेजातही ती रीत होती. पहिल्या शुक्रवारी विभागाची चिटणीस आनलीसे केक घेऊन आली. तिने परीक्षेचं आमंत्रण चुकून कॅन्टीनच्या आचाऱ्याला पाठवलं होतं, आणि तो हजरही झाला होता. दुसऱ्या शुक्रवारी प्रयोगशाळेतल्या पोराचा केक, मडक्याचा कान तुटला म्हणून. तिसऱ्या शुक्रवारी दरवानाचा, त्याने एका प्राध्यापकाला संडासात कोंडून घरी जाण्याचा पराक्रम केला होता. सगळे मजेत खात होते. कोंडलेला प्राध्यापकही.

चौथ्या शुक्रवारी केक नव्हता. पण त्या आठवड्यात तोर्किलने एक अख्खी सहल चुकीच्या थडग्याला नेली होती. दोन तास तिथे व्याख्यान दिलं होतं. खरं थडगं पलीकडच्या शेतात होतं, त्यावर गाय उभी होती.

रिग्मोरने आनलीसेला हळूच विचारलं, "आज तोर्किलचा केक ना?"

आनलीसे हसता हसता कॉफीत बुडाली. "तोर्किलचा? अगं, प्राध्यापक चुकत नाहीत. मी इथे बावीस वर्षं आहे, एकाचाही केक खाल्लेला नाही."

"मग परवाचं थडगं?"

"ते मतांतर होतं."

रिग्मोरने विणकाम खाली ठेवलं. तिला तिचा शोध लागला होता. या टोळीत दरवान चुकतो, चिटणीस चुकते, प्रयोगशाळेतला पोरगा चुकतो. सरदार चुकतच नाहीत. सरदारांचं होतं ते मतांतर. त्या संध्याकाळी ती इतक्या आनंदात घरी गेली की पुलावर तिने एका अनोळखी सायकलवाल्याला नमस्कार केला. सत्राच्या शेवटी सगळ्या सरदारांना समोर बसवून हेच ऐकवायचं, तेही त्यांच्याच शास्त्राच्या भाषेत. कोण नापास करतो बघू!

आणि मग नको तिथे तिचं नाक वर झालं.

मे महिन्यात सराव-उत्खनन होतं. खाडीच्या वरच्या अंगाला एक शेत, तिथे लोहयुगातली वस्ती. पोरं गुडघ्यांवर बसून करण्यांनी माती खरवडत होती. रिग्मोरला तिच्या चौकोनात डुकराच्या पायाचं हाड सापडलं. काळपट, आणि सांध्यापाशी बारीक समांतर खाचा, ओळीने.

तिने हाड उन्हात धरलं. "सुरीच्या खुणा आहेत या," म्हणाली.

तोर्किल धावत आला. "नक्की?"

"मला विचारतोस? मांस खरवडून काढलंय. हात सराईत आहे बघ, एकही फटकारा वाकडा नाही. डावखुरा माणूस. आणि घाईत होता."

"घाईत?"

"पाळी संपत आली असेल."

आता खरं सांगायचं तर तोर्किल बरीच वर्षं या खाडीकाठी लोहयुगातला खाटिकखाना शोधत होता. त्याचा एक सिद्धांत होता, त्यावर पुस्तक अर्धं लिहून पडलं होतं आणि बायकोसुद्धा आता त्याबद्दल विचारत नव्हती. त्याने रिग्मोरच्या हातातलं हाड घेतलं, उलटंपालटं केलं, आणि त्याच्या डोळ्यांत ते नेहमीचं पाणी आलं. हाडांची तपासणी करणारी ओसे नावाची बाई विभागात आहे, बोर्नहोम बेटावरची, बोलायला कंजूस. तिच्याकडे हाड पाठवून दोन आठवडे थांबायचं ही पद्धत. तोर्किल दोन तासही थांबला नाही. शेतातूनच त्याने स्थानिक पेपराला फोन केला.

रविवारी पहिल्या पानावर फोटो. रिग्मोर छाती काढून, हातात हाड. वर मथळा: 'दोन हजार वर्षांनी खाटकाने खाटकाला ओळखलं!' खाली तोर्किलचं वाक्य, की कामगाराच्या हाताचं ज्ञान विद्यापीठांनी आता तरी ऐकावं. बेकरीत बाईने रिग्मोरला पाव फुकट दिला. क्लबात वेर्नरने कात्रण चौकटीत घालून बिअरच्या फळीवर लावलं. वेर्नर म्हणजे तिच्या शेजारी पट्ट्याशी उभा राहिलेला, शब्द कमी आणि पोट जास्त असा गडी. तो म्हणाला, "आमच्यातली आहे." एवढंच. रिग्मोर त्या रात्री छान झोपली.

पेपर पाहून ओसेने ते हाड रांग मोडून आधी तपासलं, आणि बुधवारी रिग्मोरला आणि तोर्किलला प्रयोगशाळेत बोलावलं. सूक्ष्मदर्शकाकडे बोट केलं. "बघा."

रिग्मोरने बघितलं. "खाचा."

"सुरीच्या खाचेचा तळ टोकदार असतो. हा सपाट आहे. आणि प्रत्येक खाच जोडीने आहे. दोन-दोन."

"म्हणजे दोन सुऱ्या?"

"दोन दात," ओसे म्हणाली. "उंदीर."

 तोर्किलने सूक्ष्मदर्शकात डोळा घातला आणि बराच वेळ बाहेर काढलाच नाही.

"डावखुरा?" ओसेने विचारलं. तिचा चेहरा हलला नाही, पण ती बोर्नहोमची आहे. त्यांचा चेहरा हसतानाही हलत नाही.

अशी बातमी दाबायला कुलूप नसतं. दुसऱ्या दिवशी पेपरात पाचव्या पानावर चार ओळी. बेकरीवालीने पावाचे पैसे घेतले आणि वर विचारलं, "चीज हवं का, तुझ्या दोस्ताला?" क्लबात त्या फोटोवर कुणीतरी पेनने रिग्मोरला मिशा आणि दोन गोल कान काढले.

शुक्रवारी ती कॉफीच्या खोलीत शिरली तेव्हा आनलीसे थर्मास घेऊन दारातच उभी. "काय गं, केक कुठाय?"

"कसला केक?"

"उंदराचा! आता आमच्याबरोबर काम करतेस, माती आमच्यात खाल्लीस. पुढच्या शुक्रवारी आण. सुकं नको हं काही, भरपूर लोणी घाल."

पुढचा शुक्रवार म्हणजे सादरीकरणाचा शुक्रवार.

रिग्मोर तडक तोर्किलच्या खोलीत गेली. दार वाजवण्याची सवय तिला कधीच नव्हती. "आनलीसे केक मागतेय."

"हो का?" तोर्किल कागदांत डोकं घालून म्हणाला. "छान प्रथा आहे."

"आणि तुझा?"

"माझा? माझी कुठे चूक? विद्यार्थिनीने मत मांडलं, मी तिला उत्तेजन दिलं. शिक्षकाचं कामच आहे."

"फोन कुणी केला पेपराला? मी? माझ्याकडे शेतात फोनही नव्हता, तो तुझ्या माती धुवायच्या टपात पडला होता!"

"रिग्मोर, हाडावरच्या खुणांबाबत विद्वानांत नेहमीच—"

"बोल. बोल तो शब्द. बोल, म्हणजे मी तुला या खिडकीतून खाडीत फेकते."

तोर्किलने शब्द गिळला. पण केकाबद्दल हूं की चूं केलं नाही. वर सौम्यपणे म्हणाला, "तुझं सादरीकरण मीच तपासणार आहे, लक्षात आहे ना? शांत डोक्याने तयारी कर."

आता अडकली की नाही बाई? केक न्यावा, तर सगळा दोष एकटीच्या माथी, आणि तोर्किल कोरडा. न न्यावा, तर सरदार दंड भरत नाहीत असं कुठल्या तोंडाने सांगायचं? सांगणारीच सरदार होऊन बसलेली. आणि तोंड मिटून गोड बोलावं, पास व्हावं, भत्ता घ्यावा? छे. तसं करता आलं असतं तर ती केव्हाच मॅनेजर झाली असती.

त्या संध्याकाळी ती क्लबात गेली. वेर्नर पत्ते पिसत होता. समोर माल्टे, बुचडा सुटलेला, हातात बिअर, अंगावर वेर्नरचा जुना कामाचा कोट. गेला होता अभ्यासाला, झाला सभासद. तिच्या कोरलेल्या खुर्चीत बसला होता; तिला बघून उठला, एवढी अक्कल शाबूत होती.

"क्रेट कधी?" वेर्नरने विचारलं.

"कसला?"

"उंदराचा."

रिग्मोर बसली. "वेर्नर, माती मी तिथे खाल्ली. त्यांच्याबरोबर काम करताना. दंड तिथेच भरायला हवा."

वेर्नरने पत्ते खाली ठेवले. "म्हणजे तू आता त्यांची."

"मी कुणाची नाही. रीत सांगतेय."

"रीत मलाही कळते. दंड आपल्या माणसांत भरतात. पाहुण्याला कोण दंड मागतो?"

रिग्मोरने वेर्नरचे पत्ते उचलले, पिसले आणि न वाटताच परत ठेवले. कुणीतरी उगाच खोकलं. आनलीसेने केक मागितला तेव्हा तिला राग आला होता. तो राग का आला याचा तिने विचारच केला नव्हता. पाहुण्याला कोणी मागत नाही, म्हणजे आनलीसेने मागितला तो आपली मानून, हे तिला कॉफीच्या खोलीतल्या एकाही शहाण्याने शिकवलं नव्हतं.

माल्टेने चाचरत तोंड उघडलं. "पण... दोघांनी मिळून माती खाल्ली तर? इथे काय करतात?"

"अर्धा-अर्धा क्रेट," वेर्नर म्हणाला. "एरिक आणि मी मिळून गरम पाण्याचा पाइप फोडला तेव्हा दोघांनी अर्धा-अर्धा आणला होता. एरिक दोन दिवस टाळत होता. माझा अर्धा रिकाम्या जागेसकट टेबलावर पडून राहिला. सगळे त्या रिकाम्या जागेकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी आणला लेकाने."

रिग्मोर उठली.

"कुठे चाललीस?"

"लोणी आणायला."

शुक्रवारी सगळा विभाग कॉफीच्या खोलीत जमला. प्राध्यापक, ओसे, आनलीसे, दरवान, भिंतीला टेकून पोरं. तोर्किल टेबलाच्या टोकाला, समोर गुणांचा कागद. रिग्मोर आली ती भट्टीतला मोठा पत्र्याचा ट्रे घेऊन. त्यावर ब्रुन्सविगर, पावासारखा फुगलेला केक, वर लोणी आणि तपकिरी साखरेचा जाड, चकचकीत थर, खोलीभर वास. पण केक होता ट्रेच्या डाव्या अर्ध्या भागात. मधोमध सरळ कापलेला, आणि तो हात खरोखरच सराईत होता. उजवी बाजू स्वच्छ, रिकामी, पत्रा चमकत होता. उरलेला अर्धा केक सकाळीच क्लबाच्या दारात ठेवून ती आली होती, कुणाशी न बोलता. पण ते इथे सांगायची गरज नव्हती.

"बाकीचा कुठे गेला?" आनलीसेने विचारलं.

"बाकीचा माझा नाही," रिग्मोर म्हणाली. "हाड उंदराने कुरतडलं. मी म्हणाले खाटिक. ही माझी चूक, हा माझा केक, खा. पेपरात छापून आणायची चूक दुसऱ्याची. तो जेव्हा आणेल तेव्हा इकडच्या बाजूला ठेवेल. आता माझं सादरीकरण ऐका."

आणि तिने सांगितलं. या टोळीत दंड कोण भरतो, कोण भरत नाही. आचाऱ्याचं आमंत्रण, मडक्याचा कान, संडासातला प्राध्यापक, थडग्यावरची गाय. 'मतांतर' हा शब्द टोळीत कोण वापरू शकतं आणि दरवानाने तो वापरला तर काय होईल. दरवान मोठ्याने हसला. एक प्राध्यापक खिडकीतून खाडी बघू लागला, जणू आजच खणली आहे. लोक केक घेत होते, आणि दर वेळी डावीकडून तुकडा उचलताना नजर उजवीकडच्या पत्र्यावर जात होती.

तोर्किलचे कान लाल झाले. मग मानही झाली. एकाएकी तो उठला, कोट उचलला आणि खोलीबाहेर गेला.

दार बंद झालं. सगळे रिग्मोरकडे बघू लागले.

ती बोलत राहिली. डोळ्यांसमोर प्लास्टिकची फुलं आली. लाल इकडे, पिवळी तिकडे. गुणांचा कागद टेबलावर कोरा पडला होता. थांबावं, माफी मागावी असं क्षणभर वाटलं. पण माफी कशी मागतात हेच तिला नीट येत नव्हतं. मग उरलेलं बोलून टाकलं. संपलं तेव्हा टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, कारण तोर्किल नव्हता आणि टाळ्यांची सुरुवात कोणी करायची ते ठरलेलं नव्हतं.

खाली सायकल आपटल्याचा आवाज आला. जिन्यावर धाप. तोर्किल आत आला, केस वाऱ्याने उभे, काखेत पेट्रोल पंपावरचा केक. प्लास्टिकच्या कागदातला, लांबोडका, बदामाची तीन शकलं लावलेला, बघूनच घशाला कोरड पडावी असा. त्याने कागद फाडला आणि केक ट्रेच्या उजव्या बाजूला ठेवला.

"फोन मी केला," तो म्हणाला. "खाटिकखाना मला हवा होता. बारा वर्षं हवाय." फाडलेल्या कागदाचा बोळा करत म्हणाला, "थडगंही चुकीचं होतं. पण त्याचा केक पंपावर नव्हता, एकच उरला होता."

आनलीसेने पहिला तुकडा घेतला. बावीस वर्षांत पहिल्यांदा प्राध्यापकाचा केक खात होती, म्हणून डोळे मिटून चावला. "सुकाय रे," ती म्हणाली, आणि मग खोली अशी हसली की मुखवट्याचा चष्मा पडला.

हसणं ओसरल्यावर तोर्किलने पेन काढलं. "आता मूल्यमापन. रिग्मोर, तुझा निष्कर्ष काय, तर या टोळीचे सरदार दंड भरत नाहीत. समोर बघ. सरदाराने भरला. निष्कर्ष खोटा ठरला."

"तू भरलास कारण मी तुला भरायला लावला!"

"अगदी बरोबर. पाहायचं, ढवळायचं नाही, हा एकच नियम होता. तू टोळी बघितली नाहीस, बदललीस. निष्कर्षही चुकला, पद्धतही चुकली." त्याने कागदावर आकडा लिहिला. "दोन. पास."

आमच्याकडे परीक्षेत सगळ्यात वरचा आकडा बारा, त्याला आभाळ ठेंगणं होतं आणि दोन म्हणजे काठावर बोटं टेकून वर आलेला. पण काठ तो काठ. दुसरं सत्र मिळालं, फुलं गेली. भिंतीशी माल्टेने वेर्नरच्या कोटाच्या बाह्या उडवल्या.

"आणि निष्कर्ष चुकला म्हणजे पुढच्या शुक्रवारी," आनलीसे तोंड भरलेलं असताना म्हणाली, "या वेळी अख्खा आण."

रिग्मोरने कागद उचलला. दोनाचा आकडा लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. मग खुर्ची ओढली, तोर्किलच्या बरोबर समोर, आणि बसली. मॅनेजरसमोर बसायची तशी, दोन्ही तळहात टेबलावर.

"दोन," ती म्हणाली. "बरं. हा तुझा पहिला आकडा झाला. माझा दहा. कॉफी ओत, आणि कोणी उठायचं नाही."

"रिग्मोर, गुणांवर घासाघीस करत नाहीत."

"ही कुठल्या टोळीची रीत?"

ओसेने खुर्ची जवळ घेतली. दरवानाने दार लावून घेतलं, या वेळी आतून. चारवर तोडगा निघाला तेव्हा खाडीवर भरती आली होती आणि तोर्किल घामाघूम झाला होता. सही करता करता त्याने सांगितलं की दुसऱ्या सत्राचा पहिला विषय देवाणघेवाण: माणसं एकमेकांना काय देतात आणि बदल्यात काय मागतात.

"आणि ते," रिग्मोर कोट चढवत म्हणाली, "तू मला शिकवणार?"